पाद्री थॉमस स्टीफन्स ह्यांची अक्षरसेवा

ज्युबिलीच्या पुस्तिकेत थोर पुरुषांची चरित्रे द्यावयाची चाल जुनी आहे. बहुधा ती संतांची वा बिशपांची असतात. येथे ज्यांचे चरित्र देत आहो, ते पाद्री थॉमस स्टीफन्स वेदीवर चढलेले संत नव्हेत. विलायतेत जन्मलेले, येशूसंघात दीक्षा घेतलेले आणि गोव्यातील साष्टी प्रांतात सुमारे चाळीस वर्षे राबून तेथेच देह ठेवलेले ते एक धर्मगुरू होत. मराठी वाङ्मयाचा अभ्यासक त्यांस ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून ओळखतो, आणि मराठी भाषेची त्यांनी गायिलेली थोरवीही सर्वश्रुत आहे. परंतु कवी स्टीफन्स ह्यांच्या आड शिक्षक स्टीफन्स झाकून गेले आहेत. त्या शिक्षकाची ओळख आमच्या परभणीकडील ख्रिस्ती कुटुंबांस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

हे प्रयोजन कोठून उद्भवले तेही सांगितले पाहिजे. पाचवी ते आठवीच्या वर्गांत जाणारी मुले आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहेत. त्यांस अक्षरे येतात, जोडाक्षरेही येतात. पुस्तक हाती दिले तर ती धडा घडाघडा म्हणून दाखवितात. मग सहज विचारावे की, बाळ, काय वाचलेस? तर उत्तर येत नाही. चार ओळी स्वतःच्या मनाने लिही म्हटले की लेखणी अडते. ह्यात मुलाचा आळस थोडा व अडचण मोठी असते. घरात बोलली जाते ती आपल्या गावची वळणाची बोली. तांड्यावरच्या घरी तर बंजारा भाषा. पुस्तकातील भाषा निराळी, ग्रंथांची. घरच्या बोलीपासून ग्रंथाच्या भाषेपर्यंत जाण्यास एक पूल लागतो, आणि तो पूल बांधण्याचे वय नेमके हेच. स्टीफन्स ह्यांनी चारशे वर्षांपूर्वी साष्टीत हीच दरी पाहिली आणि तिच्यावर आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन ह्या खेड्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील नामांकित शाळेत मुलाचे शिक्षण झाले, आणि लॅटिनचा पाया तेथेच पक्का बसला. तो काळ एलिझाबेथ राणीचा. कॅथलिक धर्माची उपासना त्या देशात कायद्याने बंद झाली होती व धर्मनिष्ठ कुटुंबांवर दंड आणि तुरुंग ह्यांची टांगती तलवार होती. तरुण थॉमस ह्यांस थॉमस पौंड नावाच्या एका धनिक व श्रद्धाळू गृहस्थाचा स्नेह लाभला. पौंड ह्यांचा नोकर असल्याचे सोंग घेऊन ते त्यांच्याबरोबर देशात हिंडत असत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचा असा बेत ठरला होता. पण निघण्यापूर्वीच पौंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली संघात दाखल झाले. बंदिवासातील मित्राचा त्यांस विसर पडला नाही. पौंड ह्यांस तुरुंगात असतानाच संघात घ्यावे म्हणून त्यांनी रोमात वरिष्ठांकडे रदबदली केली, आणि ती १५७८ साली फळास आली. पौंड ह्यांनी पुढे आयुष्याची तीसएक वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. ह्या दोन मित्रांची पुन्हा भेट झाली नाही.

१५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस स्टीफन्स लिस्बनहून पाच जहाजांच्या ताफ्यातून निघाले व आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. हिंदुस्थानच्या भूमीवर येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचे नाव इतिहासकार घेतात. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांस प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. हिरड्या सुजून व पाय जड होऊन जहाजावर दीडशेंवर माणसे आजारी पडल्याचे, आणि त्यांपैकी सत्तावीस दगावल्याचे त्यात आहे. दर्यावर्दी लोक ही संख्या थोडीच समजत, असाही त्यांचा शेरा आहे. वारे, तारे, मासे, पक्षी, सर्व काही त्यांनी टिपले आहे. हे पत्र १५८९ साली लंडनात छापले गेले, आणि हिंदुस्थानच्या वाटेबद्दल इंग्रज व्यापाऱ्यांचे कुतूहल त्याने जागविले. मुलाने बापास लिहिलेल्या कौटुंबिक पत्राचा असा उपयोग होईल हे उभयतांच्या स्वप्नीही नसेल. एवढे खरे की, पाहिले ते नीट लिहावे ही सवय त्यांच्या अंगी शाळेपासूनच होती.

गोव्यात गुरुदीक्षा होऊन त्यांची नेमणूक साष्टीत झाली. मडगाव, राशोल ऊर्फ रायतूर, कुंकळ्ळी ही गावे ह्याच प्रांतातली. तेथील परिस्थिती सुखाची नव्हती, आणि तिचे वर्णन करताना आपण हातचे राखू नये. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि हिंदू धर्माचे ग्रंथ बाळगण्यास मनाई केली होती. लोकांच्या मनात त्याचा संताप होता. १५८३ च्या जुलैच्या २५ तारखेस कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्स ह्यांनी पॅरिस येथील आपला भाऊ रिचर्ड ह्यास पत्र लिहून ही वार्ता कळविली. त्याच पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, ती विद्वानांनी पुढे फार नावाजली: ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यास हाच विचार मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. ज्या गावच्या लोकांनी आपले बंधू मारले त्यांची भाषा ग्रीकांच्या पंक्तीस बसविणारा हा पाद्री कोणत्या मनाचा असेल, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

त्याच सुमारास ओर्मुझ येथे पकडून आणलेले काही इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात होते. राल्फ फिच हे त्यांपैकी एक. स्टीफन्स ह्यांनी त्यांच्यासाठी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले. ते प्रॉटेस्टंट होते आणि स्वतः स्टीफन्स धर्मासाठी देश सोडून आलेले. तथापि परमुलखात अडकलेल्या देशबांधवांची आच त्यांनी धर्मभेदाने आटू दिली नाही.

आता शाळेकडे वळू. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले तेव्हा हाती घंटा घेऊन गल्लोगल्ली मुले गोळा करीत व त्यांस प्रार्थना आणि धर्मतत्त्वे गाऊन शिकवीत, हे आपण सर्व जाणतो. तीच रीत पुढे चालू राहिली. गोव्यातील चर्चांना जोडून शाळा असत; तेथे वाचन, लेखन, गायन व धर्मशिक्षण चाले. मुले पाठ केलेले घरी नेत आणि आईबापांसमोर म्हणून दाखवीत. ह्या रीतीने प्रार्थना मुखोद्गत झाल्या हे खरेच. परंतु मुखोद्गत होणे निराळे व वाचता येणे निराळे, हा भेद स्टीफन्स ह्यांच्या ध्यानात आला. पाठ केलेला मजकूर संपला की मुलापुढे वाचावयास काय? काही नाही. जुनी पुराणे बंद केलेली, नवी कोणी लिहिलेली नाहीत. अक्षर शिकलेले पोर कोरड्या विहिरीवर घागर घेऊन उभे.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी त्यांनी हाच प्रसंग रंगविला आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी सायंकाळी मुलांस धर्मोपदेश शिकविणे चालले आहे. एक नवदीक्षित ब्राह्मण पाद्रीगुरूजवळ येतो व विनंती करतो की, ही शिकवण उत्तम आहे, पण आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर आता आम्हांस वेळ सार्थकी लावण्यास तसेच एखादे पुराण आमच्या भाषेत का बरे करून देत नाही? हे मागणे मुलांच्या वर्गात व्हावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. स्टीफन्स ह्यांनी ते मागणे शिरी धरले.

त्यांनी तयार केलेल्या तीन ग्रंथांचा क्रम मात्र शिक्षकाच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अगदी लहानांसाठी त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशाचे पुस्तक केले ते घरच्या बोलीत, म्हणजे कोंकणीत. गुरू व शिष्य ह्यांच्या संवादाची त्याची मांडणी आहे. मार्कोस जॉर्ज ह्या पोर्तुगीज येशूसंघीयाने मुलांसाठी केलेल्या पुस्तकावरून ती घेतली होती. त्यात अलंकार नाहीत, लांब वाक्ये नाहीत. त्याच्या वरची पायरी म्हणून पुराण. ते मराठीत, कारण त्या प्रांतात ग्रंथांची व कथाकीर्तनाची भाषा मराठी होती. आणि परदेशाहून येणाऱ्या धर्मगुरूंनी लोकांची भाषा शिकावी म्हणून कोंकणीचे व्याकरण. आधी घरची बोली, मग ग्रंथभाषा, आणि शिकविणाऱ्यासाठी व्याकरण. आमच्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. मुलास पहिल्या दिवसापासून ग्रंथभाषा देतात, व्याकरणाचे नियम पाठ करावयास लावतात, आणि त्याची बोली मात्र अशुद्ध म्हणून हिणवितात.

पुराणाच्या भाषेविषयी त्यांनी प्रस्तावनेत जी कबुली दिली आहे तीही शिक्षकाची आहे. ग्रंथ मराठीत लिहिला, परंतु जुन्या कवींचे कित्येक शुद्ध मराठी शब्द आताच्या लोकांस कळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी लोकांच्या बोलीतील सोपे शब्द घातले, असा तिचा आशय आहे. पांडित्य दाखविण्याची संधी समोर असता ती हातची सोडून वाचकाकडे पाहणे किती लेखकांस साधते? मात्र ह्याचा अर्थ त्यांनी भाषा पातळ केली असा नव्हे. ग्रंथ उघडला की ओवी भरघोस, उपमा नेमक्या, वर्णने ऐसपैस. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द टाकून परका शब्द आणण्याचा हट्ट धरला नाही.

येथे गोदाकाठच्या वाचकांस अभिमान वाटावा असा एक धागा आहे. स्टीफन्स ह्यांची ओवी, तीन चरण यमकाचे व चौथा आखूड, ही आपल्याच मराठी पुराणपरंपरेची. ज्या १५८४ साली पैठणास एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, त्या साली हा इंग्रज पाद्री साष्टीत नुकताच मराठीशी झटत होता. एकाचे घर गोदावरीच्या तीरावर, आपल्या पाथरी-गंगाखेडच्या वरच्या अंगास. दुसऱ्याचे कार्य शेकडो मैल दूर समुद्रकाठी. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण ओवीचे ते वळण मराठी ग्रंथांतून गोव्यापर्यंत पोहोचले होते. त्या प्रांतातील रामायण-महाभारताच्या कथा येशूसंघीयांनी रोमन लिपीत उतरून घेतल्या होत्या, आणि त्यांची हस्तलिखिते पोर्तुगालात ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. स्टीफन्स ह्यांनी मराठी काव्य शिकावयाचे ते मराठी कवींपासूनच शिकले.

एका गोष्टीत मात्र त्यांस यश आले नाही, आणि ती गोष्ट लिपीची. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण त्यात रोमन अक्षरांचेच खिळे होते. दक्षिणेस तमिळ अक्षरे १५७८ पर्यंत तयार होऊन त्या भाषेत पुस्तक छापलेही गेले. आपल्या प्रांतातही देशी लिपीत पुस्तके निघावीत ही स्टीफन्स ह्यांची अनेक वर्षांची तळमळ होती. १६०८ च्या डिसेंबरात त्यांनी रोमास संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस, क्लॉडियस आक्वाविवा ह्यांस, पत्र लिहून ती कळविली. (हे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुडॉल्फ ह्यांचे चुलते.) अडचण त्यांनी नेमकी सांगितली: युरोपच्या भाषांस चोवीस साचे पुरतात; येथे अक्षर स्वरासकट उभे राहते, म्हणून सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. ज्यास मुलांस बाराखडी शिकवावी लागते त्यास हा हिशेब ताबडतोब पटेल. चौतीस व्यंजनांस बारा स्वर लावले की चारशेंवर अक्षरे झाली, त्यावर जोडाक्षरे. विलायतेचे मूल सव्वीस आकृत्यांवर सुटते, आपले मूल सहाशे ओळखून मग वाचू लागते. ह्या श्रमाची जाणीव ठेवून मुलाशी धीराने वागणारा शिक्षक आजही मिळाला तर भाग्य समजावे.

साचे झाले नाहीत. तेव्हा पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन अक्षरांतच छापले गेले. रोमन लिपीत ट, ड, ण, ळ ह्यांस जागा नाही. म्हणून त्या उच्चारांकरिता अक्षर दुहेरी लिहिण्याची युक्ती योजिली. न एकदा म्हणजे न, दोनदा म्हणजे ण. युक्ती साधी, पण तिने पान आणि पाणी ह्यांतला भेद वाचला. दोन भाग मिळून ओव्या अकरा हजारांस थोड्या कमी. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात आली आहे. रविवारी व सणावारी चर्चमध्ये ते वाचले जाई, लोक भोवती बसून ऐकत. ज्यास अक्षर येई तो वाची, ज्यास न येई तो ऐके. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापावे लागले, ह्यावरून त्यास वाचक किती होते हे दिसते.

दुसऱ्या दोन पुस्तकांचे छापील रूप पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १६१९ साली सुमारे सत्तर वर्षांचे होऊन ते गोव्यात निवर्तले. धर्मोपदेशाचे पुस्तक १६२२ साली निघाले. व्याकरण पाद्री दिओगो रिबेरो व इतर बंधूंनी वाढवून सिद्ध केले, ते १६४० साली बाहेर पडले. आधुनिक हिंदी भाषांपैकी एखाद्या भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते.

त्यानंतर वारे फिरले. १६८४ च्या जूनच्या २७ तारखेस पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असे ठरविले. धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी शिकवावयाचे तेही पोर्तुगीजमधूनच. ज्या बोलीत स्टीफन्स ह्यांनी मुलांस पहिला धडा दिला तीच शाळेबाहेर घालविण्याचा हा हुकूम. आमच्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांस ही कथा अगदी परकी वाटणार नाही. हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत दुय्यम शाळांचे माध्यम उर्दू होते, आणि घरी मराठी बोलणारी मुले भूगोल व गणित दुसऱ्याच भाषेत शिकत. त्या पिढीतील माणसे उर्दूत अर्ज सफाईने लिहीत आणि घरी पत्र लिहावयाची वेळ आली की थबकत, हे परभणीकडे पुष्कळांनी पाहिले आहे. ह्यात उर्दूचा दोष नाही. ती भाषा गोड आहे. दोष मुलाच्या घरचे दार बंद करण्याचा.

फर्मानाने बोली मेली नाही, पण पुस्तके हरपली. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला सांभाळल्या, पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या, आणि त्या नकलांच्या आधारे जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. लिपी अर्थात रोमनच. पुढे लंडनातील मार्सडेन संग्रहात पुराणाची देवनागरी लिपीतील हस्तलिखित प्रत आढळली. अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट ह्यांनी तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. म्हणजे छापखान्याने नाकारलेली लिपी कोणा एका लेखकाने बोरूने, ओवीमागून ओवी, पूर्ण केली होती.

खिळे तयार होण्यास काळ लागला. श्रीरामपूरच्या कॅरीसाहेबांनी मराठीचे व्याकरण नागरी अक्षरांत छापले ते १८०५ साली. आणि ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून निघाले ते १९५६ साली, पुण्यास, प्राध्यापक शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने. स्टीफन्स ह्यांनी रोमास पत्र लिहिल्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. १९९६ साली फादर कारिदाद द्रागो ह्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईस निघाली. सातवी-आठवीच्या मुलास ती वाचावयास दिल्यास अक्षरे अडणार नाहीत. शब्द मात्र कोठे कोठे अडतील, आणि तेव्हा जवळ बसून अर्थ सांगणारे कोणी तरी मोठे माणूस लागेल.